वडिलांच्या आयुष्यभराच्या प्रवासाचे फोटो, स्लाइड्स, तिकिटं, डायऱ्या खान्देशच्या उन्हाळ्यात कशा जपायच्या?

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी.

वडील ८३ वर्षांचे आहेत. आयुष्यभर हिंडले. बद्री-केदार, रामेश्वर, कन्याकुमारी, काश्मीर, दार्जिलिंग झालं. पाटणादेवी, तोरणमाळ, उनपदेव, चांगदेव इथल्या फेऱ्यांची तर गणतीच नाही. त्या सगळ्याचा ऐवज एका लोखंडी पेटीत आणि माळ्यावर आहे. मोजून लिहितो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

चिकट पानांचे ९ अल्बम, सुमारे ८०० रंगीत फोटो. काळ्या पानांचे २ अल्बम, दीडशे कृष्णधवल फोटो, त्यातले काही कोपऱ्यांत अडकवलेले, काही खळीने चिकटवलेले. पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह, काही १२० रोलच्या चौकोनी आणि काही ३५ मिमीच्या पट्ट्या. स्लाइड्सचे ७ डबे, प्रत्येकी ३६. बिस्किटाच्या डब्यात रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं, एसटीची तिकिटं, धर्मशाळांच्या पावत्या. शिवाय ५ डायऱ्या.

अडचणी अशा:
- चिकट अल्बममधले फोटो निघत नाहीत, ओढले की कोपरे फाटतात.
- निगेटिव्हचा डबा उघडला की आंबट वास येतो.
- काही स्लाइड्सवर जाळ्यासारखे पांढरे डाग आहेत.
- अलीकडची तिकिटं कोरी पडत चालली आहेत.
- फोटोंच्या मागे जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. वडिलांना ठिकाणं आठवतात, पण आता मध्येच नाव निसटतं.

आधी काय हाती घ्यावं? आणि हे सगळं ठेवावं कुठे? सध्या विचार आहे तो कूलरच्या खोलीतल्या कपाटात ठेवायचा, तिथे गारवा असतो म्हणून.

---

जुनीपेटी, धुळे

स्कॅनिंगचं मागाहून बघा, आधी जागा बदला. माळ्यावरचं आजच खाली उतरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबखालचा माळा त्याहून जास्त तापतो, मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. रंगीत फोटोतला रंग म्हणजे रसायन. ते अंधारातसुद्धा उष्णतेने विरतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले फोटो लालसर दिसतात ते यामुळेच, त्यांतला निळसर-हिरवा थर आधी उडतो आणि उरलेला तांबडा वर दिसू लागतो.

कूलरच्या खोलीत मात्र मुळीच ठेवू नका. ही चूक आपल्याकडे घरोघर होते. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की अंगावरचा घाम दिसतही नाही. कूलर तिच्यात पाणी भरूनच गारवा देतो, त्यामुळे खोलीतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर सहज जाते. कूलर बंद केला की पुन्हा सगळं कोरडं. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, तो ओलाव्याने फुगतो आणि कोरड्याने आकसतो. रोज असं फुगणं-आकसणं चाललं की फोटो वळतो, थराला भेगा जातात, नाहीतर वरच्या प्लास्टिकला कायमचा चिकटून बसतो. कूलरच्या ओल्या गवताचा जो कुबट वास येतो ना, ती बुरशीच. तिला जिलेटिन फार आवडतं.

चांगली जागा म्हणजे तळमजल्यावरची, आतली, कूलर नसलेली खोली. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. सर्वांत खालचा कप्पा पाणी आणि वाळवीसाठी सोडून द्या, वरचा उकाड्यासाठी. मधले दोन वापरा. गावाकडे धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर त्याची आतली खोली उन्हाळ्यात याहून सरस, पण धाबं पावसाळ्यात गळतं आणि माती झडते. जूनच्या तोंडाला वावधन (वादळी वारा) सुटतं त्याआधी तिथून सामान हलवावं लागेल.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते कपाटात ठेवा. ३५ ते ५० टक्के उत्तम. सिलिका जेल फक्त मध्य जून ते सप्टेंबर ठेवायचं. उन्हाळ्यात ते ठेवलं तर आधीच कोरड्या हवेत थर ठिसूळ होतो. नारिंगी दाणे हिरवे झाले, किंवा निळे दाणे गुलाबी झाले, की ते भरले. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवले की परत कामाला येतात. ओव्हन फक्त याच कामाचा ठेवा, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं.

डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि कागदावर परत जमते. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर कडकडीत वाळवून कापडी पुरचुंडीत, अल्बमच्या पानांत नाही. ओलसर पाला पिवळा डाग पाडतो. खळीने चिकटवलेले फोटो वेगळे ठेवा, मैद्यासाठी कसर आणि झुरळं तिथेच येतात.

क्रम माझ्या मते असा असावा: कोरी पडणारी तिकिटं आज, आंबट वासाच्या निगेटिव्ह या आठवड्यात, मग चिकट अल्बम, मग स्लाइड्स, आणि कृष्णधवल सर्वांत शेवटी. कृष्णधवल फोटोतली चांदी ऐंशी वर्षंही टिकते, ती थांबू शकते.

---

लाल दिवा, जळगाव

वरच्या क्रमाशी सहमत. आता कामाची पद्धत सांगतो.

आंबट वास म्हणजे व्हिनेगरचाच वास आहे. फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, तो उष्णतेने आणि ओलाव्याने फुटतो आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. हे ॲसिड पुन्हा उरलेल्या फिल्मला फोडतं, म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. घट्ट पत्र्याचा डबा इथे सर्वांत वाईट, वाफ आतच कोंडते. निगेटिव्ह बाहेर काढा, एकेक पट्टी हुंगून पाहा आणि वासाच्या वेगळ्या करा. बिनवासाच्यांसोबत त्या पुन्हा ठेवायच्या नाहीत. कागदी पाकिटात, हवेशीर जागी ठेवा आणि स्कॅन त्यांचंच आधी करा, कारण पुढची पायरी म्हणजे फिल्म आकसते आणि वरचा थर सुरकुततो. मग कुठलाही स्कॅनर कामाचा नाही. झालेलं नुकसान परत येत नाही, थंडाव्याने फक्त वेग कमी होतो. स्कॅन झाल्यावर दुहेरी झिप पिशवीत, हवा दाबून काढून, फ्रीजमध्ये ठेवता येतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी रात्रभर तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर आत दव धरतं.

चिकट अल्बम. आधी फोटो काढायच्या मागे लागू नका. वरचं प्लास्टिक हळूच उचला आणि पूर्ण पान आहे तसं स्कॅन करा. फोटोंचा क्रम, शेजार, पानावर लिहिलेली एखादी ओळ, हे सगळं एकदा फोटो सुटे झाले की हरवतं. प्रवासाच्या अल्बममध्ये क्रम म्हणजेच अर्धी गोष्ट. इथे स्कॅनर सीसीडी सेन्सरचा हवा. पातळ, स्वस्त स्कॅनर सीआयएस प्रकारचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच नीट दिसतं. पान एक-दोन मिलिमीटर उचललं की धूसर.

फोटो काढायला दातांत फिरवायचा फ्लॉसचा दोरा, मेण नसलेला. फोटोच्या कोपऱ्याखालून दोन्ही हातांनी ताणून धरायचा आणि करवतीसारखा आडवा, फोटोला समांतर सरकवत न्यायचा. फोटो वर वाकवायचा नाही, वाकला की थर तडकतो. हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करा. मेच्या दुपारी गोंद चिकासारखा ताणतो, दोरा त्यातच अडकतो. हेअर ड्रायर मारू नका. अर्ध्यावर अडला तर तिथेच थांबा, पानाचा तेवढा तुकडा कापून फोटोसह ठेवा. पाठीला कागद राहिला म्हणून काही बिघडत नाही, फाटलेला चेहरा परत मिळत नाही.

पांढरे डाग बुरशीचे आहेत. पाण्याने धुवायचा मोह होईल, करू नका. बुरशीने जिलेटिन पचवलेलं असतं, ते भाग पाण्यात विरघळतात आणि चित्रासकट वाहून जातात. आधी कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवा, मग रबरी फुंकणीने हवा मारा, मऊ ब्रशने झाडा. स्लाइडच्या गुळगुळीत बाजूवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाला किंचित लावून, एकदाच फिरवायचं. कागदी फोटोंवर अल्कोहोल नाही. हे काम घराबाहेर ओसरीत, तोंडाला मास्क लावून करा.

किती डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके? पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६००. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० वर स्कॅन केला की २४०० गुणिले ३६०० पिक्सेल, टिफ (दर्जा न घटवणाऱ्या प्रकारची) फाइल सुमारे २६ एमबी. तुमचे साडेनऊशे फोटो म्हणजे २५ जीबीच्या आत, फार नाही. त्याहून वर गेलं तर फक्त कागदाचे दाणे मोठे दिसतात. अगदी छोटे, दोन-तीन इंची कृष्णधवल फोटो असतील तर १२००. ३५ मिमीच्या स्लाइड आणि निगेटिव्हला २४००, म्हणजे साधारण ७.७ मेगापिक्सेल. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण साध्या सपाट स्कॅनरचं भिंग २४०० च्या पलीकडे फारसा नवा तपशील देत नाही, फाइल तेवढी फुगते. चौकोनी १२० निगेटिव्ह, त्या काळी घरोघर असलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या असाव्यात, एका रोलवर १२ फोटो. त्यांचं चित्र ५६ मिमीचं असतं, त्यामुळे १२०० वरसुद्धा ७ मेगापिक्सेल मिळतात.

स्कॅनरमध्ये धूळ पुसायची जी अवरक्त किरणांची सोय असते, ती कृष्णधवल निगेटिव्हला बंद ठेवा. चांदी ते किरण अडवते, स्कॅनरला सगळी चांदी धूळच वाटते आणि चित्र विद्रूप होतं. स्लाइडच्या चौकटीवर कोडाक्रोम (कोडॅकची एक जुनी फिल्म) लिहिलं असेल तर तिथेही ही सोय गडबडते.

वेळ धरा ताशी २५ ते ३० फोटो, झाडणं आणि नाव देणं धरून. मूळ स्कॅनवर रंग सुधारू नका, त्याची प्रत काढून तिच्यावर सुधारा. दुकानात द्यायचं असेल तर आधी फक्त पाच स्लाइड्स द्या. टिफ फाइल मिळेल का, खरं डीपीआय किती, आणि क्रम तसाच ठेवून परत देणार का, हे तीन प्रश्न विचारा. आंबट वासाच्या निगेटिव्ह दुकानात महिनाभर पडून राहतील अशी शंका असेल तर देऊच नका.

---

पुठ्ठा तिकीट, अमळनेर

तिकिटांबद्दल थोडं.

तुमच्या डब्यात तीन जातींची तिकिटं असतील. पहिली रेल्वेची पुठ्ठ्याची, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरची. छपाई शाईची, त्यामुळे पक्की. कडेला दाबून उमटवलेली तारीख पुसट झाली असेल तर टॉर्च आडवा, तिकिटाला जवळजवळ टेकवून धरा. सावलीत आकडे उठून दिसतात, तसाच फोटो घ्या. दुसरी एसटीची जुनी छापील, वाहकाने चिमट्याने टोचलेली. कागद अगदी हलका, टाचणी लावली असेल तर आधी काढा, गंज पसरतो. भोकं महत्त्वाची आहेत, म्हणून स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा.

तिसरी जात नाजूक. एसटीच्या हातातल्या यंत्राची आणि रेल्वेच्या साध्या प्रवासाची अलीकडची तिकिटं थर्मल कागदाची असतात. त्यात शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. ऊन, माळ्याचा उकाडा आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं या तिन्हींनी ती बिघडतात. अशी तिकिटं लॅमिनेट कधीही करू नका, यंत्रातून पूर्ण काळी होऊन बाहेर येतात. जी फिकट झाली आहेत ती रंगीत स्कॅन करा, कृष्णधवल नको. मग संपादनात लाल, हिरवा, निळा हे तीन थर वेगवेगळे उघडून प्रत्येकाचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहा. डोळ्यांना कोरं दिसणारं तिकीट बऱ्याचदा निळ्या थरात वाचता येतं.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. पीव्हीसी ओळखायचं असेल तर वासावर जा. नव्या रेनकोटचा वास आला की नको.

आणि तिकिटं वेगळ्या डब्यात एकगठ्ठा ठेवू नका. त्या त्या प्रवासाच्या फोटोंसोबत ठेवा. तारखेचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहेत.

---

तापीकाठ, भुसावळ

मंडळी, मनापासून आभार. अल्बम आणि पेटी तळमजल्यावर आणली, आंबट वासाच्या निगेटिव्ह वेगळ्या केल्या. एकूण २२ पट्ट्या निघाल्या. थर्मल तिकिटांचे फोटोही काढून झाले.

आता मोठा प्रश्न माहितीचा. तारखा नाहीत, ठिकाणं अर्धवट. वडिलांना फोटो दाखवून "हे कधीचं?" विचारलं की ते गप्प होतात आणि मग नाराज होतात.

---

सांजवात, चोपडा

"कधीचं" हा प्रश्नच विचारू नका. साल ही म्हातारपणी सर्वांत आधी निसटणारी गोष्ट आहे, आणि न आठवल्याचा त्रास त्यांना होतो. "सोबत कोण होतं?", "मुक्काम कुठे केला?", "जेवायला काय मिळालं?", "थंडी होती का?" असं विचारा. धर्मशाळेच्या फरशीचा गारवा आठवला की महिना आपोआप येतो. साल तुम्ही नंतर पुराव्यांवरून काढा.

आवाज रेकॉर्ड करा, हे बाकी सगळ्याच्या आधी. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल. मोबाइल त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या कपाचा ठोका येत नाही. पंखा आणि कूलर बंद हवेत, नाहीतर त्यांची घरघर शब्दांवर चढते. उन्हाळ्यात हे सकाळी सहा ते सातच जमतं. मोबाइल विमान मोडवर. एका वेळी पाचच फोटो, आणि अर्ध्या तासात थांबायचं. प्रत्येक फोटोआधी तुम्ही स्वतः मोठ्याने क्रमांक म्हणा: "अल्बम तीन, पान सात, फोटो दोन." एवढं एक केलं नाही तर सहा महिन्यांनी कुठला आवाज कुठल्या फोटोचा ते कळत नाही. घरात अहिराणी बोलत असतील तर अहिराणीतच बोलू द्या, लिहून काढतानाही तशीच लिहा. "मंग आम्ही गंज चालनूत" (मग आम्ही खूप चाललो) याचं प्रमाण मराठी करून त्यातला माणूस निघून जातो.

ते चुकीचं सांगताहेत असं वाटलं तरी मध्ये दुरुस्त करू नका. रामेश्वर आणि कन्याकुमारीची गल्लत झाली तर नोंद वहीत करा, रेकॉर्डिंगमध्ये नको.

आता साल काढायच्या खुणा. तुमच्या यादीतल्या ठिकाणांपुरत्या देतो.

कन्याकुमारी: समुद्रातलं विवेकानंद स्मारक १९७० चं. शेजारचा तिरुवळ्ळुवर यांचा १३३ फुटी पुतळा १ जानेवारी २००० ला खुला झाला. पुतळा पूर्ण दिसत असेल तर फोटो त्यानंतरचा. रामेश्वर: पांबनच्या रेल्वे पुलाला समांतर मोटारींचा पूल दिसतो का पाहा. तो १९८८ चा. त्याआधी बेटावर फक्त रेल्वेने किंवा होडीने जाता यायचं. बद्री-केदार: पावतीवर किंवा पाटीवर उत्तर प्रदेश असेल तर नोव्हेंबर २००० च्या आधीची. केदारनाथच्या मंदिरामागे मोठी शिळा दिसली तर जून २०१३ नंतरचा.

रेल्वेचे डबे विटकरी रंगाचे असतील तर बहुधा नव्वदच्या दशकाच्या मध्याच्या आधीचे, निळे असतील तर नंतरचे. तिकिटावर बॉम्बे व्हीटी असेल तर १९९६ च्या आधीचं. गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच १९ म्हणजे जळगाव, एमएच १८ धुळे, ही पद्धत १९८९ पासूनची. एमएच ३९ दिसलं तर १ जुलै १९९८ नंतरचं, कारण तोवर नंदुरबार जिल्हाच नव्हता. प्रवासातून घरी पाठवलेली पोस्टकार्डं असतील तर पत्ता बघा. पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचं. "पू. खान्देश" लिहिलं असेल तर १९६० च्या सुमारचं किंवा त्याआधीचं, मात्र जुनी माणसं सवयीने पुढेही तसं लिहीत, म्हणून शिक्काच खरा धरा.

फोटोच्या कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांवर विसंबू नका. कॅमेऱ्याची बॅटरी बदलली की तारीख मूळपदावर जायची आणि कोणी नीट करत नसे.

फाइलचं नाव सालापासून सुरू करा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. १९८३-०५_बद्रीनाथ_अ३-०७-२ यात साल, महिना, ठिकाण, अल्बम, पान, फोटो सगळं आलं. महिना माहीत नसेल तर ००. अंदाज असेल तर सालानंतर "सु" (सुमारे) लावा. अंदाजाला खात्रीचं रूप देऊ नका, पुढची पिढी तेच खरं धरेल.

---

लाल दिवा, जळगाव

एक भर. मूळ फोटोच्या मागे लिहायचं असेल तर जुन्या जाड कागदावर मऊ २बी पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. प्लास्टिकसारख्या चकचकीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि लिहून झाल्यावरच फोटो आत घाला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

प्रती तीन ठेवा: एक घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मुलाकडे, तिसरी क्लाउडवर मूळ दर्जाच्या पर्यायात. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायला योग्य नाहीत, वीज न मिळाल्यास आणि उकाड्यात त्यातली माहिती हळूहळू गळते. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार बारीक होतो.

---

तापीकाठ, भुसावळ

आज सकाळी सहाला पहिलं रेकॉर्डिंग केलं, अल्बम एक, पान एक ते दोन. पाच फोटोंना ३४ मिनिटं लागली. एक शंका: ते एका फोटोवर बोलता बोलता दुसऱ्याच प्रवासात शिरतात. फाइल तोडायची का?

---

सांजवात, चोपडा

तोडू नका. मूळ रेकॉर्डिंग अखंड ठेवा आणि वहीत फक्त मिनिट लिहा: "१२:४० पासून दार्जिलिंग, अल्बम सहा पाहा." अल्बम सहा समोर येईल तेव्हा त्यांना तेच पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा सांगताना वेगळी माणसं आणि वेगळी गावं निघतात, ती दोन्ही ठेवा.